सोळा बरण्यांची कविता

मी कविता वाचत नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं मिस बर्केटकडे कामाला आहे. झाडलोट, धुणं, चुलीतली राख, सगळं माझ्याकडे. त्यांची सहा पुस्तकं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहेत, अगदी बारीकबारीक, आणि त्यांना मी हात लावते तो फक्त धूळ पुसायला. लंडनची माणसं म्हणतात, बाई मोठ्या कवयित्री आहेत. असतील. पण या मोठ्या कवयित्रीला स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा सापडत नाही, आणि तो शोधायला मी तीन खोल्या पालथ्या घालते.

बाईंना खिडकीपाशी एक सुंदर लिहायचं टेबल आहे. त्यावर मांजर झोपतं. बाई तिथे बसून कधी एक अक्षर लिहीत नाहीत. त्यांना कविता सुचते ती जॅम ढवळताना. सप्टेंबरात आमच्याकडे डॅमसन पिकतात, ते बारके, काळेनिळे, आंबटढाण प्लम. बाई त्याचं मोठं पातेलं चुलीवर चढवतात, एका हातात लाकडी डाव आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. कागद म्हणाल तर हाताशी असतील ती जॅमच्या बरण्यांची लेबलं. एका लेबलावर एक ओळ. मग ती लेबलं टेबलावर पसरायची, वर-खाली करायची, पत्ते लावत बसल्यासारखी. मनासारखं लागलं की वहीत उतरवायचं. अशीच त्यांची सहाही पुस्तकं झाली.

यात कवितेचं काय होतं मला ठाऊक नाही, जॅमचं मात्र वाटोळं होतं. ओळ चांगली आली की बाई साखर विसरतात. ओळ अडली की दोनदा घालतात. बिया काढायचं तर नावच नको. १९५८ साली पोस्टातल्या मिस लॅमची दाढ त्यात गेली, आणि तिनं दुसऱ्याच दिवशी सुजलेल्या गालानं येऊन बाईंना सांगितलं, "जॅम इतका छान झालाय, मिस बर्केट, इतका छान."

आमचं थॉर्नबेक गाव आहेच तसं. तोंडावर खरं बोलणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर बूट ठेवणं. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या छपरासाठी जत्रा भरते, बाईंचा जॅम तिथे विकायला ठेवतात, आणि तो दहा मिनिटांत संपतो. प्रत्येक जण एकेक बरणी घेतो, घरी नेतो आणि कपाटात मागे ढकलतो. खाटीक जोसेफ गार्नेट तर त्या जॅमनं दुकानातली पितळी वजनं घासतो. लखलखीत निघतात म्हणे. आणि रस्त्यात बाई भेटल्या की सगळे एकाच सुरात, "फार छान होता हो. दोन दिवसांत संपवला."

बाईंना हे सगळं खरं वाटायचं. मी कशाला बोलू? मीही त्याच गावची.

तर यंदाची गोष्ट. नऊ वर्षं बाईंना एक ओळ सुचली नव्हती. जॅम होत होता, कविता नाही. बाई एक्याऐंशीच्या झाल्या, आणि मला वाटायला लागलं होतं की संपलं ते. तेवढ्यात ऑगस्टात लंडनहून मिस्टर पेनफोल्ड नावाच्या प्रकाशकाचं पत्र आलं. बाईंच्या सगळ्या कविता एका जाड पुस्तकात काढायच्या म्हणे, फक्त एक अट होती: एक तरी नवी कविता हवी. नवी नसेल तर पुस्तक नाही. मेलेल्या कवींची जुनी पुस्तकं त्यांच्याकडे ढिगानं आहेत, बाई जिवंत आहेत हे लोकांना दिसलं पाहिजे.

बाईंनी ते पत्र महिनाभर एप्रनच्या खिशात ठेवलं होतं. एकदा मला म्हणाल्या, "विनी, हे पुस्तक निघालं तर मला वाटेल की मी इतकी वर्षं इथे काहीतरी केलं."

"तुम्ही पुष्कळ केलंय," मी म्हटलं. "कालच दोन पातेली जाळलीत."

आणि सप्टेंबरात आली की कविता. कशावर? बेडकावर. मागच्या अंगणात, रुबार्बच्या मोठ्या पानांखाली एक जाडा बेडूक राहतो, त्याचं नाव बाईंनी मॉर्टिमर ठेवलंय. गेली सहा वर्षं त्या रोज संध्याकाळी त्याच्याशी गप्पा मारतात. तो काही बोलत नाही, घसा फुगवतो. शुक्रवारी दुपारी मी निघाले तेव्हा बाई पातेल्याशी उभ्या होत्या, गाल लाल, केस जॅमनं चिकटलेले, आणि टेबलावर लेबलंच लेबलं. त्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी आले तर बाई दमून झोपलेल्या. ओट्यावर सोळा बरण्या भरून ठेवलेल्या, टेबलावर सोळा लेबलं ओळीनं मांडलेली. आता, बाई दरवर्षी बरण्यांना काहीतरी चक्रम नावं देतात. मागच्या वर्षी एकीवर 'मावशीचा जांभळा राग' लिहिलं होतं. चष्मा मी घरी विसरले होते, जत्रेला उशीर होत होता. मी एकेक लेबल घेतलं, जिभेनं ओलं केलं आणि बरणीवर चिकटवलं. सोळाच्या सोळा, सरळ, एकसारखी, अंगठ्यानं दाबून. काम नीट झालं म्हणून मी स्वतःवर खूशही झाले.

दहा मिनिटांत बरण्या संपल्या. शेवटची मिस्टर अ‍ॅस्क्यूंनी घेतली. वरच्या डोंगरावर मेंढ्या पाळणारे म्हातारे अ‍ॅस्क्यू, फेब्रुवारीत बायको गेल्यापासून खाली गावात उतरलेच नव्हते. त्या दिवशी आले, कडेला उभे राहिले, बरणी उचलली, पैसे ठेवले आणि कुत्र्याला घेऊन निघून गेले.

सोमवारी मी कामाला गेले तर बाई स्वयंपाकघरात गुडघ्यांवर रांगत होत्या.

"काय हरवलंय? चष्मा डोक्यावर आहे."

"कविता, विनी. लेबलं टेबलावर होती. उतरवून घ्यायची राहिली."

मी म्हटलं, "तुमच्या लक्षात असेल की."

"लेबलावर लिहिलं की डोक्यातून जातं. म्हणून तर लिहिते." त्या चुलीसमोर बसल्या. "मीच राखेत टाकली असणार. परवा कागद जाळले ना. मूर्ख म्हातारी मी. आता नाही यायची ती परत. गुरुवारी दोनच्या बसनं मिस्टर पेनफोल्ड येणार, आणि मी त्यांना काय दाखवू, बेडूक?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हाताऱ्या बाई स्वतःला शिव्या देत होत्या आणि मी मूग गिळून चहा ठेवला. याची मला लाज वाटते, आजही वाटते. पण मनात ठरवलं की गुरुवारच्या आत सोळाही ओळी गोळा करायच्या आणि हळूच टेबलाच्या खणात ठेवायच्या.

काय अवघड आहे त्यात, असं मला वाटलं होतं. मंगळवारी सकाळी पहिली गेले पाद्रीबाईंकडे, मिसेस ऑलसॉपकडे. तुम्ही म्हणाल, जायचं आणि लेबल उतरवून घ्यायचं. असं आमच्याकडे होत नाही. आधी हवा कशी आहे, मग चहा, मग दुसरा चहा, मग त्यांच्या गुडघ्याची चौकशी. तासाभरानं मी म्हटलं, "बाईंचा जॅम जरा बिघडलाय असं वाटतं. बरण्या परत घेतेय."

"बिघडलेला?" मिसेस ऑलसॉप म्हणाल्या. "छे हो, फार छान होता. आम्ही तर कालच संपवला."

बरणी त्यांच्या मागे खिडकीत होती. गळ्यापर्यंत भरलेली.

"मग रिकामी बरणी द्या," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि बरणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात मागे. "रिकामी बरणी कुठे ठेवली कोण जाणे."

मी मान वाकडी करून लेबल वाचायला गेले तर त्यांनी हातानं झाकलं. पण तोवर मला दिसलं होतं. 'घंटा वाजली की तुझे डोळे मिटतात, मला दिसतं सगळं.' मॉर्टिमर संध्याकाळी चर्चची घंटा ऐकून डोळे मिटतो ना, तेच. पण पाद्रीबाई वीस वर्षं नवऱ्याच्या प्रवचनात पहिल्या रांगेत बसून डुलक्या काढतात, हे गावात कुणाला माहीत नाही? त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "मिस बर्केटना सांगा, या रविवारी मी पूर्ण वेळ जागी होते. आणि विनी, मिस्टर ऑलसॉप बोलतात चांगलं. मला कल्पनाच नव्हती."

आता कळलं घोळ कुठे झालाय ते. बाईंनी आपल्याला खाजगी निरोप पाठवलाय असं जो तो समजून बसला होता. आणि खाजगी गोष्ट कुणाला दाखवायची नाही, कुणाला विचारायची नाही, त्यावर बोलायचं तर मुळीच नाही. मी एका घरातून दुसऱ्या घरात गेले. मिस लॅमनं, जी गावातली सगळी पोस्टकार्डं वाचते, बरणी तिजोरीत ठेवली होती. जॅम संपवला म्हणाली. जोसेफ गार्नेटही संपवला म्हणाला, आणि बरणी त्याच्या हातात होती.

"जोसेफ, ती भरलेली आहे."

"दुसरी आहे ही."

"मग पहिली दे."

"विनी, तुला किडनी देऊ का? ताजी आहे."

त्याच्या दुकानाशेजारी त्याच्या भावाचं, आयझॅकचं भाजीचं दुकान. मध्ये एकच भिंत, आणि अकरा वर्षं दोघं बोलत नाहीत, कारण आईचं घड्याळ कुणी घ्यायचं यावरून झालेलं भांडण. त्या दिवशी मात्र आयझॅक आत बसून सॉसेज खात होता. मी विचारलं हे काय नवीन, तर जोसेफ लाल झाला. "कुणीतरी बोलायला हवं होतं आम्हाला. बाई बोलल्या." नंतर मला कळलं त्याच्या लेबलावर काय होतं ते: 'एका दगडाखाली राहता दोघं, बोलायला काय झालं?' रुबार्बखालच्या दगडापाशी मॉर्टिमरच्या शेजारी दुसरा एक बेडूक असतो, त्याच्याबद्दल होतं ते.

मंगळवार असा गेला. अकरा कप चहा झाले आणि हातात एक ओळ नाही. बुधवारी सकाळी वर अ‍ॅस्क्यूंच्या वाडीवर गेले, धापा टाकत. दार कुणी उघडलं नाही, नुसतं कुत्रं भुंकलं. खाली आले ती माझं डोकं तापलेलं, पाय ओले, आणि तशीच मेजर हॅथर्लींच्या दारात उभी राहिले.

मेजर अडुसष्टचे, बिनलग्नाचे, अतिशय शिस्तीचे. दार उघडलं आणि मी ओळखलंच नाही. चाळीस वर्षांची मिशी उडवलेली. केसांना तेल, गळ्यात रेशमी टाय, आणि खोलीत सेंटचा असा घमघमाट की डोळ्यांत पाणी आलं. बरणी शेकोटीवरच्या फळीवर, जुन्या राजाच्या फोटोशेजारी.

"मिसेस टायसन," ते म्हणाले, मला आडनावानं हाक मारणारे गावात ते एकटेच, "बरं झालं आलात. एक नाजूक विचारायचं होतं. मिस बर्केटना फुलं कुठली आवडतात?"

"मेजर, मला ती बरणी हवीय."

"जॅम तर संपवला. फार छान होता."

आणि मग माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं साठलेलं होतं ते. मी म्हटलं, "मेजर, तो जॅम कुणी संपवलेला नाही. यंदा नाही, मागच्या वर्षी नाही, कधीच नाही. त्या जॅमनं या गावात पितळ घासतात. आणि ते लेबल तुम्हाला लिहिलेलं नाही. ते बेडकाला लिहिलंय."

मेजरांनी बरणी उचलली, चष्मा लावला आणि वाचलं. मोठ्यानं वाचलं बिचाऱ्यांनी. "'पोट सुटलंय तुझं, पण मला तू तसाच आवडतोस.'"

"बेडूक," मी म्हटलं. "मॉर्टिमर. रुबार्बखाली राहतो."

त्यांनी ओठावर बोट फिरवलं, जिथे मिशी होती तिथे. मला वाटलं, आपण लहान मुलाच्या हातातला लाडू काढून घेतला. मी सगळं सांगितलं, लेबलं, पेनफोल्ड, पुस्तक, मी बाईंपासून लपवलं ते. म्हटलं, "मेजर, चूक माझी आहे. पण उरलेल्या घरी जाऊन हे असं सांगायची माझ्यात ताकद नाही. पाद्रीबाई जाग्या राहायला लागल्यात. गार्नेट भाऊ बोलायला लागलेत. मी त्यांना बेडूक कसा सांगू?"

मेजर ताठ उभे राहिले. "तुम्ही घरी जा, मिसेस टायसन. हे माझ्यावर सोपवा. मला आता गमावण्यासारखं काही उरलेलं नाही."

गुरुवारी दोनच्या बसनं मिस्टर पेनफोल्ड आले. उंच, अशक्त, गळ्यात लांबलचक मफलर. बाईंनी काळा चांगला ड्रेस घातला होता. मी केक कापला. पेनफोल्डनी तोंडात घास घेऊन विचारलं, "आणि नवी कविता?" बाईंनी कप खाली ठेवला. आता मी बोलणार, खरंच बोलणार होते, एवढ्यात मागचं दार वाजलं.

मिसेस ऑलसॉप. हातात बरणी. "रिकामी बरणी परत द्यायला आले," त्या म्हणाल्या. "जॅम फार छान होता. संपवला आम्ही." आणि गळ्यापर्यंत भरलेली बरणी टेबलावर ठेवली.

त्यांच्या मागून मिस लॅम. "दोन दिवसांत संपला हो." भरलेली बरणी.

मग जोसेफ आणि आयझॅक, एकाच बरणीला दोघांनी धरलेलं. "चाटूनपुसून संपवला," जोसेफ म्हणाला. मग आणखी कोण कोण, टोप्या काढत, पाय पुसत, एकेक येतोय, संपवला म्हणतोय, आणि भरलेली बरणी ठेवतोय. पेनफोल्ड केक चावायचे थांबले. शेवटी मेजर आले, खांद्यावर लाकडी खोकं घेऊन. त्यांनी ते दाणकन जमिनीवर ठेवलं. आत अकरा बरण्या.

"१९६२ ते १९७२," ते म्हणाले. "वर्षांप्रमाणे लावल्यात. यंदाची वेगळी आणलीय. मला वाटलं करायचं तर पूर्ण करावं."

"अहो, फक्त यंदाची हवी होती," मी दात खाऊन म्हटलं.

"खरं सांगायचं तर सगळंच सांगायचं," मेजर म्हणाले.

बाई उठल्या. एक बरणी हातात घेतली, उजेडात धरली. दुसरी घेतली. मग वाकून खोक्यातली १९६२ ची काढली, तिच्यावरची धूळ फुंकली.

"विनी," त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात. लेबलं मीच चिकटवली, तुम्ही स्वतःला शिव्या देत होतात तेव्हा मीच गप्प बसले, तुमची कविता राखेत गेली नाही, ही इथे टेबलावर आहे, बरण्यांना चिकटलेली. मला वाटलं त्या रागावतील, मला काढून टाकतील. मी एप्रनची गाठसुद्धा सोडून ठेवली होती.

पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या लोकांकडे बघत होत्या. "म्हणजे कुणीच खाल्लेला नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं. एकानंही नाही."

कुणी मान वर करेना. मिस लॅमनं नकळत गालाला हात लावला.

"आणि माझी पुस्तकं?" बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलंत, पुस्तकं फार छान आहेत. असंच. अगदी ह्याच आवाजात."

"माझ्याकडे सहाही आहेत, मॅडम," मेजर म्हणाले. "वर्षांप्रमाणे लावलेली." आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि ते खाली बसले.

बाई खुर्चीत बसल्या. पेनफोल्डना म्हणाल्या, "तुम्ही पाचची बस पकडा. नव्या कवितेची गरज नाही. मी साठ वर्षं जॅमच करत होते म्हणायचं."

मी म्हटलं, "बाई, मी तुमची एक ओळ कधी वाचलेली नाही, हे मी कबूल करते. पण ऐका. या लोकांनी जॅमला हात लावला नाही, पण लेबलं कुणी मला सोडवू देईना. जोसेफनं मला किडनी देऊ केली तुमच्या ओळीच्या बदल्यात. अकरा वर्षांनी भावाशी बोलला तो. पाद्रीबाई प्रवचन ऐकतात. मेजरांनी मिशी काढली."

"बेडकासाठी," मेजर म्हणाले.

"तू माझं मन राखायला बोलतेस, विनी," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळेच चांगले आहात. तोच तर त्रास आहे. मला आता कुणाचं काय खरं मानू ते कळत नाही."

आम्ही तीस वर्षं जे केलं, ते आता आमच्याच गळ्यात आलं होतं. जोसेफ म्हणाला, "ओळ खरंच चांगली होती, मॅडम," आणि ते त्याच्याच कानाला खोटं वाटलं, इतकं ते नेहमीसारखं निघालं. मी गपचूप ओल्या फडक्यानं लेबलं सोडवायला घेतली, कारण हाताला काहीतरी हवं होतं. एकेक टेबलावर मांडली. पेनफोल्ड वाकून वाचायला लागले, त्यांचा मफलर कपात बुडला तरी त्यांना कळलं नाही. मी मोजली. पंधरा.

"एक नाही," मी म्हटलं. "अ‍ॅस्क्यूंची."

"ती शेवटची ओळ होती," बाई म्हणाल्या. लेबलं बघितल्यावर त्यांना तेवढं आठवलं होतं. "पण काय होती, ते आठवत नाही."

मेजर म्हणाले, "मी काल त्यांच्या दाराबाहेरून ओरडून सगळं सांगितलं. आतून काही उत्तर आलं नाही."

तेवढ्यात दारात कुत्रं दिसलं, आणि कुत्र्यामागे मिस्टर अ‍ॅस्क्यू. पावसाळी कोट, बुटांना चिखल. लोकांनी वाट दिली. त्यांनी खिशातून बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. रिकामी होती. अगदी रिकामी, आतून बाहेरून घासलेली, चकचकीत. आम्ही सगळे त्या बरणीकडे बघत राहिलो, कारण तसली बरणी या गावात कुणी पाहिली नव्हती.

"लेबल कुठे आहे?" मी विचारलं.

"धुताना गेलं."

माझा जीवच गेला. एवढं सगळं करून शेवटची ओळ भांडी धुण्याच्या पाण्यात.

बाई बरणीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही खाल्लात?"

"खाल्ला."

"सगळा?"

"चार दिवस लागले." त्यांनी जरा विचार केला. "वाईट होता. फार वाईट. साखर नव्हती. दात पडला एक." त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून तो दातसुद्धा दाखवला. मिसेस ऑलसॉपनी मान फिरवली. सगळ्या गावासमोर, बाईंच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, असं कुणी कधी बोललं नव्हतं. मेजर उठून उभे राहिले, बहुतेक अ‍ॅस्क्यूंना बाहेर काढायला.

बाईंनी हातानं त्यांना थांबवलं. "इतका वाईट होता तर खाल्लात कशाला, मिस्टर अ‍ॅस्क्यू?"

"बाहेर ते लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्या बाईनं केलाय म्हटल्यावर टाकवेना." ते टोपीची कड बोटांनी फिरवत होते. "बेडकाला लिहिलंय ते कळलं मला काल. मेजर ओरडत होते. चालेल. मी रोज सकाळी ते माझ्या मार्थाच्या थडग्यापाशी जाऊन म्हणतो. तिला बेडूक आवडायचे."

"काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्यानं घसा साफ केला. लेबल नव्हतं, कागद नव्हता. त्यांनी नुसतं खिडकीकडे बघून म्हटलं:

"'झोप आता हिवाळाभर, जाग येईल तेव्हा मी इथेच असेन.'"

आयझॅक गार्नेट नाक ओढत होता. पेनफोल्डनी मफलर कपातून काढला आणि तसाच हातात धरून राहिले.

"जॅम वाईट होता," मिस्टर अ‍ॅस्क्यू म्हणाले. "ओळ चांगली आहे."

मिस बर्केटनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मी बावीस वर्षांत बाईंना रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला अजूनही सांगता येणार नाही. त्यांनी एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली, एक कोरं लेबल पुढे ओढलं, आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणा, मिस्टर अ‍ॅस्क्यू. सावकाश. मी लिहून घेते."